पट्टी जुळत नाही तेव्हा

एप्रिल लागला की देवगड-जामसंड्यात कुणालाच संगणक बिघडायला परवडत नाही. हापूस कुणासाठी थांबत नाही. दिवसभर पेट्या भरायच्या, त्यांच्यावर बागायतदाराचा मार्का टाकायचा, रात्री गाडीत चढवायच्या आणि सकाळी माल वाशीला. मग काही दिवसांनी वाशीहून दलालाची पट्टी येते. अमुक मार्क्याच्या इतक्या पेट्या, हा भाव, वजा हमाली, वजा भाडं, वजा दलाली, आणि खाली हाती येणारी रक्कम. त्या पट्टीतला पेट्यांचा आकडा आणि शेडमधल्या संगणकातला आकडा जुळला नाही, की माझा फोन वाजतो.

मी इथल्या आंब्याच्या शेडसाठी, बर्फाच्या कारखान्यासाठी, बंदरावरच्या डिझेलच्या हिशोबासाठी छोटे छोटे प्रोग्राम लिहिते, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करते. खरं सांगायचं तर दुसरं कामच जास्त. कुणाच्या भाच्याने इंजिनीअरिंगच्या सुट्टीत लिहून दिलेलं, कुणी पुण्याहून करून आणलेलं. भाषा वेगळी, स्क्रीनचा रंग वेगळा, पण पोटात जवळजवळ नेहमी एकच डेटाबेस (म्हणजे नोंदी साठवायची आणि शोधायची सोय) असतो, एसक्यूलाइट. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, तो सांभाळायला माणूस लागत नाही. सगळा हिशोब एका फाइलीत बसतो. पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे दुपारी पंखासुद्धा धापा टाकतो, तिथे याहून मोठं काही चालवायचं मनातही आणू नये.

या डेटाबेसचा जन्म समुद्राशीच जोडलेला आहे, याची मला उगीचच गंमत वाटते. २००० साली रिचर्ड हिप जनरल डायनॅमिक्ससाठी अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करत होते. तिथे आधी इन्फॉर्मिक्स हा भारदस्त डेटाबेस होता. तो बसवायची आणि सांभाळायची कटकटच नको, प्रोग्रामने थेट फाइल उघडावी आणि काम करावं, या गरजेतून एसक्यूलाइट निघाला. हिप यांनी त्याच्यावर मालकी हक्कही ठेवला नाही, सगळा कोड सार्वजनिक करून टाकला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये तो आहे. म्हणजे शेडमधल्या संगणकात एक आणि पेट्या उचलणाऱ्या गड्याच्या खिशातल्या फोनमध्ये एक. पहिल्याला सगळे शिव्या घालतात, दुसऱ्याची कुणाला खबरही नसते.

इतकी वर्षं हे निस्तरताना माझं एक मत पक्कं झालंय. एसक्यूलाइट ओरडतो तेव्हा फारसं घाबरायचं कारण नसतं. तो गप्प बसतो तेव्हा घाबरावं. शिकणारी मुलं मात्र बरोबर उलटं करतात. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की त्यांची पाचावर धारण बसते, आणि सगळं हिरवं दिसलं की चहाला जातात.

आधी ओरडण्याचं बघू. 'डेटाबेस इज लॉक्ड' हा संदेश मी कुठल्याही नातेवाइकापेक्षा जास्त वेळा पाहिला असेल. त्याचा अर्थ साधा आहे. एका वेळी या फाइलीत लिहिणारा एकच असतो. कुणीतरी आधीच लिहायला बसलाय आणि तुमचा प्रोग्राम दारात उभा आहे. प्रश्न एवढाच की तो कुणीतरी कोण?

मागच्या एका हंगामात भर दुपारी एका शेडमधून फोन आला. जुन्या पेट्या दिसतायत, याद्या निघतायत, पण नवी पेटी सेव्ह होत नाही. संगणक बंद करून चालू करायला सांगून मोकळं होता आलं असतं, आणि त्याने कामही झालं असतं, पण मग कारण कधीच कळलं नसतं. गेले. खाली टास्कबारवर डीबी ब्राउझर हा एसक्यूलाइटची फाइल थेट उघडून दाखवणारा प्रोग्राम मिनिमाइझ करून ठेवलेला. शेड चालवणाऱ्या काकांच्या पुतण्याने सकाळी एका बागायतदाराचं चुकलेलं नाव त्यात थेट टेबल उघडून दुरुस्त केलं होतं आणि जेवायला गेला होता. नाव बदललं होतं, पण वरचं 'राइट चेंजेस' (बदल लिहून टाक) हे बटण दाबलं नव्हतं. त्या प्रोग्रामात एक घर जरी बदललं तरी लिहिण्याचं कुलूप त्याच क्षणी घेतलं जातं आणि ते बटण दाबेपर्यंत सोडलं जात नाही. वाचणाऱ्यांना वाट मोकळी, लिहिणाऱ्यांना बंद. पुतण्या वरणभात खात होता आणि त्याच्या नावाने अख्खी शेड खोळंबली होती. बटण दाबलं, पेटी सेव्ह झाली. काकांनी पुतण्याकडे असं बघितलं की मला त्याची कीव आली.

एवढ्यावर विषय संपत नाही. लिहिणारे दोन खरेखुरे असू शकतात, एक पेट्या टाकणारा आणि एक पावत्या काढणारा. तेव्हा पहिलं काम म्हणजे थोडं थांबायला शिकवणं. एसक्यूलाइट स्वतःहून वाट बघत नाही. सांगितलं नसेल तर कुलूप दिसताच तो लगेच हात वर करतो. पायथॉन या भाषेतून वापरला तर पाच सेकंदांची वाट आधीच लावून दिलेली असते, बाकीकडे ही वाट, म्हणजे बिझी टाइमआउट, आपण ठरवायची. दुसरं काम म्हणजे 'वॉल' (राइट-अहेड लॉग) मोड चालू करणं. ही सोय २०१० पासून आहे. तिच्यात नवे बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिले जातात, त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांच्या पायात येत नाहीत. लिहिणारा मात्र तरीही एकच.

हे दोन्ही करूनही काही ठिकाणी लॉकचा संदेश येतो, आणि तोही पाच सेकंद न थांबता, ताबडतोब. इथे चांगले चांगले चक्रावतात. कारण बहुधा असं असतं. प्रोग्रामने व्यवहार सुरू केला (व्यवहार म्हणजे झाले तर सगळे, नाहीतर एकही नाही असा बदलांचा गठ्ठा), आधी शिल्लक वाचली, मग त्यात बदल करायला गेला. वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या मधल्या फटीत दुसऱ्याने लिहून टाकलं. आता पहिल्याने वाचलेलं शिळं झालं, आणि शिळ्यावर लिहू देणं बरोबर नाही, म्हणून एसक्यूलाइट लगेच नकार देतो. इथे वाट बघण्यात अर्थच नसतो, वाट बघून शिळं ताजं होत नाही. लिहायचं आहे हे आधीच ठाऊक असेल तर व्यवहार सुरू करतानाच 'बिगिन इमिजिएट' म्हणावं, म्हणजे लिहिण्याची जागा आधीच आपली होते आणि थांबायचं ते सुरुवातीलाच थांबून होतं. एका शब्दाचा फरक, पण त्यासाठी लोक डेटाबेस बदलायला निघालेले मी पाहिलेत.

ती फाइल राउटरला जोडलेल्या डिस्कवर ठेवून दोन संगणकांवरून उघडायची हौस मात्र करू नये. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये कुलपं भरवशाची नसतात, आणि वॉल मोड तर तिथे चालतच नाही, कारण त्याला सगळे वापरणारे एकाच यंत्रावर लागतात. क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवणं हाही त्याच पंगतीतला प्रकार. सिंक करणाऱ्याला काय माहीत की तुम्ही वाक्याच्या मध्यात आहात!

आता वीज. कोकणात वीज जाते याबद्दल मी वेगळं काय सांगू. मेच्या शेवटी वळवाचे ढग जमले की मुख्य स्विचकडे नजर ठेवूनच काम चालतं. इन्व्हर्टर असतो, पण त्याची बॅटरी कधीची हे विचारू नये. तर वीज गेली आणि डेटाबेस खराब झाला, अशी तक्रार आली की मी आधी विचारते, वीज आल्यावर तुम्ही काय केलंत?

कारण नुसती वीज जाण्याने एसक्यूलाइट सहसा मोडत नाही. त्याची रीत बघण्यासारखी आहे. मुख्य फाइलीतलं पान बदलण्याआधी तो त्या पानाचा जुना मजकूर शेजारच्या जर्नल फाइलीत उतरवून घेतो आणि ती डिस्कवर नक्की पोहोचली याची खात्री करून घेतो. मगच मुख्य फाइलीला हात लावतो. सगळं नीट झालं की जर्नल पुसून टाकतो, आणि ते पुसणं हीच व्यवहार पुरा झाल्याची सही. मध्येच वीज गेली तर जर्नल तिथेच राहते. पुढच्या वेळी फाइल उघडताना त्याला ती दिसते, तो जुनी पानं परत जागच्या जागी ठेवतो, आणि अर्धवट व्यवहार झालाच नव्हता असं करून टाकतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आणि मग येतो आपला नीटनेटका माणूस. वीज आली, फोल्डर उघडलं, हिशोबाच्या फाइलीशेजारी तशाच नावाची, शेवटी 'जर्नल' लावलेली अनोळखी फाइल दिसली. कालपर्यंत नव्हती. व्हायरस असेल, कचरा असेल, डिलीट. संपलं. दुरुस्तीचं एकमेव साधन त्याने केराच्या टोपलीत टाकलं. मुख्य फाइलीत काही पानं नवी, काही जुनी, आणि मग येतो तो 'डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' हा संदेश. शिव्या विजेला बसतात. एका शेडमध्ये मी संगणकावर मोठ्या अक्षरांत कागदच चिकटवला होता, 'या फोल्डरमधलं काहीही पुसू नये'. पुढच्या भेटीला त्याच कागदावर कुणाचा तरी मोबाइल नंबर आणि पेट्यांची बेरीज होती. पण फाइल शाबूत होती.

असं झालंच तर आधी फाइलीची आहे तशी प्रत घ्यायची आणि काय करायचं ते प्रतीवर करायचं. 'इंटिग्रिटी चेक' किती मोडलंय ते सांगतो. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कमांड लाइनमध्ये 'रिकव्हर' नावाची कमांड आहे, ती सापडेल तेवढं काढून देते, आणि ज्या ओळींचं टेबल कळत नाही त्या 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या टेबलात टाकते. पंढरीच्या वारीत हरवलेली माणसं घोषणेच्या तंबूत बसवतात तसं. तिथून ओळखून ओळखून आपण न्यायची.

रोजच्या बॅकअपचीही तीच गत. वॉल मोड लावला की मुख्य फाइलीशेजारी एक वॉल फाइल असते आणि सगळ्यात ताजे व्यवहार कधी कधी फक्त तिच्यातच असतात. संध्याकाळी पेनड्राइव्हवर एकटी मुख्य फाइल नेणारा माणूस शेवटच्या गाडीच्या पेट्या मागेच ठेवून जातो. फाइल कॉपी न करता एसक्यूलाइटलाच प्रत काढायला सांगावं. त्यासाठी बॅकअपची कमांड आहे आणि २०१९ पासून 'व्हॅक्यूम इनटू' आहे. चालू डेटाबेसवरही दोन्ही बिनधोक चालतात.

वेगाची तक्रार एका वाक्यात संपते. हजार पेट्या हजार वेगवेगळ्या व्यवहारांत टाकल्या तर प्रत्येक पेटीमागे डिस्कची वाट बघावी लागते, सगळ्या एका व्यवहारात टाका, चहा गरम असेपर्यंत काम झालेलं असेल. आणि अँड्रॉइडवर नव्या फोनात चालणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, जुन्या फोनात 'सिंटॅक्स एरर' देत असेल तर आवृत्ती बघावी. अँड्रॉइड १० मध्ये एसक्यूलाइट ३.२२ आहे, आणि 'असेल तर बदल, नसेल तर टाक' हे एका वाक्यात सांगायची सोय आली ३.२४ मध्ये. शेडमधला सगळ्यात जुना फोन कायम पेट्या मोजणाऱ्याकडे असतो, हा निसर्गनियम आहे.

हे सगळं ओरडणारं. वेळ खातं, पण फसवत नाही. आता गप्प बसणारं.

पहिली गोष्ट तर हास्यास्पद आहे. एसक्यूलाइटला सांगितलेल्या ठिकाणी फाइल सापडली नाही, तर तो तक्रार करत नाही, नवी कोरी फाइल तयार करतो. प्रोग्राम आयकॉनवरून उघडला तर एका फोल्डरमधून चालतो, सकाळी आपोआप चालू होणारा दुसऱ्याच फोल्डरमधून. फाइलीचं नाव नुसतंच लिहिलेलं, पूर्ण पत्ता नाही. मग एके दिवशी 'टेबल सापडत नाही' येतं. ते आलं तर नशीब. पण काही हुशार प्रोग्राम टेबल नसेल तर स्वतःच तयार करतात, आणि मग काही न बोलता, रिकाम्या हिशोबावर कामाला लागतात. असल्या संगणकात एकाच नावाच्या तीन फाइली सापडतात, तिन्हींत थोडा थोडा हंगाम. पूर्ण पत्ता द्यावा, आणि फाइल उघडताना ती आधीपासून असेल तरच उघड असं बजावावं. तशी सोय आहे.

दुसरी, आकड्यांची. इतर डेटाबेसांत कॉलम पूर्णांकांचा म्हटला की पूर्णांकच. एसक्यूलाइट तिथे आकडा बसतोय का बघतो, नाही बसला तर जे दिलं ते मजकूर म्हणून मुकाट्याने ठेवून देतो. फोनवर मराठी कीबोर्ड आहे, गडी डझनांच्या चौकटीत मराठी '५' लिहितो. एसक्यूलाइटच्या लेखी फक्त इंग्रजी आकडे हेच आकडे, त्यामुळे आपला '५' तिथे अक्षर म्हणून बसतो. स्क्रीनवर छान पाच दिसतो. बेरजेत त्याची किंमत शून्य. आणि याहून वाईट म्हणजे तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो, म्हणून 'शंभर डझनांपेक्षा जास्त माल कुणाचा' असं विचारलं की मराठीत '५' लिहिणारा त्या यादीत सगळ्यात वर. गंमत म्हणजे पायथॉनला मराठी आकडे कळतात, त्याच्याकडून आधी संख्या करून घेतली असती तर काहीच झालं नसतं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या आवृत्तीपासून टेबलाला 'स्ट्रिक्ट' करता येतं. मग असा '५' आला की एसक्यूलाइट सरळ ओरडतो. मी नवं टेबल स्ट्रिक्टशिवाय करत नाही. ओरडू दे.

तिसरी म्हणजे नात्यांची. प्रत्येक पेटी कुठल्यातरी बागायतदाराची, हे नातं टेबलात लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की आता बागायतदार पुसला तर डेटाबेस अडवेल. अडवत नाही. अडवायची सोय २००९ पासून आहे, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती मुळात बंद ठेवलेली असते, आणि फाइल उघडणाऱ्याने प्रत्येक वेळी ती स्वतः चालू करायची असते. तुमचा प्रोग्राम चालू करत असेल, पण रात्री चालणारी छोटी स्क्रिप्ट? एकदा एक बागायतदार दोनदा नोंदला गेला म्हणून त्यातला एक पुसला. त्याच्या पेट्या टेबलात तशाच राहिल्या, पण यादी बागायतदाराच्या नावाशी जोडून निघत असल्याने त्या यादीतून नाहीशा झाल्या. वाशीच्या पट्टीत पेट्या आहेत, आपल्या यादीत नाहीत. दलालाने चुकून जास्त लिहिलं असेल म्हणून दोन दिवस सगळे खूश होते. तुटलेली नाती शोधणारा 'फॉरेन की चेक' चालवला आणि अनाथ पेट्या एकामागून एक बाहेर आल्या.

पावतीच्या नंबरांवरून काकांनी मला एकदा फैलावर घेतलं. "गो, पावतीचो नंबर दोनदा कसो इलो? माझ्या वहीन असा कधी करूक नाय." बरोबर होतं त्यांचं. छापील पावतीपुस्तकात नंबर परत येत नाही. त्या प्रोग्रामात पावतीचा नंबर म्हणजे टेबलाची साधी पूर्णांक प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख ठरवणारा आकडा होता. एसक्यूलाइट नवा नंबर देताना सध्याचा सगळ्यात मोठा बघून एक मिळवतो. शेवटचीच पावती पुसली असेल तर तोच नंबर पुढच्या गिऱ्हाइकाला मिळतो. 'ऑटोइन्क्रिमेंट' लिहिलं की एकदा वापरलेला नंबर पुन्हा वापरात येत नाही. पण पावती पुसूच नये, तिच्यावर 'रद्द' लिहावं, हे काकांच्या वहीला आमच्या आधीपासून ठाऊक होतं.

गप्प चुकांतली माझी सगळ्यात लाडकी बंदरावरची. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही, तारीख मजकूर म्हणून किंवा संख्या म्हणून राहते. ते ठीक. पण 'आजची तारीख दे' म्हटलं की तो ग्रिनिचची तारीख देतो. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत एसक्यूलाइटच्या लेखी देवगडात कालचाच दिवस चालू असतो. दहा ते सहा चालणाऱ्या कचेरीत ही चूक जन्मभर सापडणार नाही. बंदर मात्र पहाटेच जागं असतं. बोटी निघताना बर्फ आणि डिझेल घेतात ते अंधारात, आणि त्या सगळ्या नोंदी आदल्या दिवशी जाऊन बसतात.

महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. आदल्या दिवसाचं जास्त, आजचं कमी, महिन्याची बेरीज साधारण तीच. लक्षात आलं ते ऑगस्टमध्ये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सोडल्याशिवाय पाण्यात न उतरणारे अजून आहेत, पण कायद्याने १ ऑगस्टला वाट मोकळी होते आणि पुष्कळ जण त्याच पहाटे निघतात. त्या पहाटे तीन वाजता भरलेल्या बर्फाच्या सगळ्या नोंदी छापील हिशोबात ३१ जुलैच्या तारखेने निघाल्या. म्हणजे कागदावर बंदीच्या शेवटच्या दिवशी अर्धं बंदर समुद्रात जायची तयारी करून बसलेलं! बर्फवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी अधिकाऱ्याने तो कागद मागितला असता तर 'ग्रिनिच' हे उत्तर किती जणांना पटलं असतं कुणास ठाऊक. दुरुस्ती एका शब्दाची, तारीख मागताना 'लोकलटाइम' जोडायचा. पण जुन्या नोंदी हात लावण्याआधी नीट बघाव्या लागल्या, कारण काही ठिकाणी प्रोग्रामने तारीख फोनच्या घड्याळावरून घेतली होती. तिथे साडेपाच तास मिळवले असते तर नवाच घोळ झाला असता.

आणि मग आपली लिपी. खर्चाच्या यादीत 'दोऱ्या' हे खातं दोनदा यायला लागलं. सुतळी एकदा, खिळे एकदा, दोऱ्या दोनदा, वेगवेगळ्या रकमांनी. दोन्ही शब्द डोळ्याला अगदी सारखे. मागे-पुढे मोकळी जागा असेल म्हणून छाटून बघितली, फरक नाही. शेवटी अक्षरं मोजायला सांगितली, तर एसक्यूलाइट एका 'दोऱ्या'त सहा म्हणाला आणि दुसऱ्यात सात. संगणकावरच्या कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं होतं. फोनवरच्याने साधा र, त्याला हलन्त, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. छपाईत दोन्हींचा तोच चंद्रकोरीसारखा र. युनिकोड म्हणजे संगणकातल्या सगळ्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत; तिच्यातल्या, एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणाऱ्या नेहमीच्या सामान्यीकरणाने हे दोन एक होत नाहीत, तेव्हा नोंद घेतानाच एक रूप ठरवून बाकीची त्यात बदलून घ्यावी लागतात. 'ॲ'चंही तसंच, एकसंध ॲ वेगळा आणि अ वर चंद्र काढलेला वेगळा. ज्या शोधात 'ॲडव्हान्स' सापडत नाही तिथे मी आता आधी तेच बघते.

याद्यांचा क्रम हा त्याचाच धाकटा भाऊ. एसक्यूलाइट अक्षरं त्यांच्या युनिकोड क्रमांकाने लावतो, आणि तिथे ळ बसलाय ल च्या लगेच मागे. म्हणून गावांच्या यादीत कणकवली, कलमठ, कळसुली, कसाल असा क्रम येतो. काकांची शाळा जुनी, ळ ह च्या नंतर. ते कळसुली शोधायला कसालच्या खाली बघतात, सापडत नाही, आणि कळसुलीच्या बागायतदाराचं नवं खातं उघडतात. ही नुसती दिसण्याची बाब नाही, यातूनच तो दोनदा नोंदलेला बागायतदार जन्माला येतो.

मी मराठी क्रम लावणारं कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या क्रमाचा नियम, लिहिलं आणि ते टेबलाच्या व्याख्येतच टाकायचा विचार केला. करून बघितलं तर प्रोग्राम झकास चालला, पण पुतण्याच्या डीबी ब्राउझरने त्या यादीला हात लावताच 'असं कोलेशन माहीत नाही' म्हणून हात झटकले, कारण ते फक्त माझ्या प्रोग्रामला ठाऊक. एका अर्थी बरंच झालं, त्याचं टेबलात थेट शिरणं थांबलं असतं. पण उद्या दुसऱ्या कुणाला ही फाइल दुरुस्त करावी लागली तर त्याने काय करायचं? म्हणून कोलेशन काढलं आणि नावाशेजारी क्रमासाठी एक वेगळा कॉलम ठेवला. नाव सेव्ह होताना त्यातल्या प्रत्येक ळ च्या जागी ह नंतर येईल असं चिन्ह टाकून ते तिथे जातं, आणि यादी त्या कॉलमाने लागते. कुठल्याही प्रोग्रामातून उघडा, क्रम तोच. काकांना कळसुली कसालच्या खाली दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, यादी तळापर्यंत खाली नेली आणि म्हणाले, "बरा झाला. आता ह्या दोन खात्यांचा एक कर."